हत्तिणीच्या पोटात

कवडूचा चेहरा आठवायला गेलं की आधी त्याचे पाय डोळ्यांसमोर येतात. भेगाळलेले तळवे, घोट्यापर्यंत भुशाची पिवळी पूड आणि डाव्या पायाचा अंगठा सारखा हलता. बाकीचा कवडू पत्र्याच्या आत असायचा. आतून गाणं यायचं. पत्र्यावर आपटत, जाळीतून गळत ते बाहेर पोचेपर्यंत शब्द विरून जात आणि नुसता हुंकार उरे. कडब्याच्या गंजीच्या सावलीत पडून तो हुंकार ऐकता ऐकता मी कितीतरी दुपारी झोपलो असेन. आता वय झालं. जेवणानंतर डोळा लागतो आणि तो हुंकार परत येतो. अर्धवट जागेपणी वाटतं, आपण खळ्यावरच आहोत, ऊन कलतंय, हवेत भुशाचे कण तरंगताहेत, आणि आता पत्र्याआडून एक काळा हात बाहेर येईल : "बापू, पाना."

आमच्या गावात कवडूबद्दल जे सांगतात ते खरं नाही. ते नीट करून ठेवावं म्हणून लिहितो आहे. पण आधी कवडू सांगायला हवा, नाहीतर खरं काय होतं ते कळायचं नाही.

आमचं गाव महागावपासून बैलगाडीच्या वाटेवर. माझा थोरला भाऊ, ज्याला सगळा गाव दादा म्हणे, गावचा पाटील. त्याने एका लिलावात जुनं परदेशी यंत्र घेतलं. शेतात चालत जायचं, पीक कापायचं आणि कापता कापता पोटात मळूनही टाकायचं, असा त्याचा लौकिक. आमच्या वावरात ते पहिल्याच दिवशी चाकांच्या आसापर्यंत रुतलं. काळी माती, मधेमधे गोटे, आणि ज्वारी अशी उंच की यंत्रावर बसलेल्या माणसाच्या तोंडात कणसं जात. बैलांच्या जोड्या लावून ते ओढत खळ्यावर आणलं, पुढचे कापायचे दात काढून गोठ्यात टाकले आणि जागच्या जागी उभं केलं. आता बायामाणसांनी कणसं खुडून आणायची आणि त्याच्या तोंडात टाकायची. पोटात लोखंडी ढोल फिरे, ढोलाखाली जाळी, जाळीतून दाणे गळत, मागून भूस उडे. उभ्या उभ्या खाते म्हणून गावाने तिचं नाव हत्तीण ठेवलं.

हत्तिणीचं पोट मात्र परदेशी गव्हाचं होतं. ज्वारीचा दाणा त्यात गेला की कण्या होऊन बाहेर पडे. पहिल्या दिवशी दादाने ओंजळ भरून घेतली, तर निम्मं पीठ. खळ्याच्या कडेने कोणीतरी म्हणालं, "पाटलानं चक्की आनली गा! आता मागच्या बाजूनं तवा ठेवा, भाकरीच पडू द्या." दादा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "कवड्याले बोलाव."

हे म्हणणं दादाला सोपं नव्हतं. कवडू यवतमाळला जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, राहून आला होता, यंत्राची आतडी त्याला ठाऊक होती. पण छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि त्या दिवसापासून त्याच्या घराने गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. त्याचा बाप आयुष्यभर हंगामाच्या शेवटी खळ्याच्या कडेला धोतराचा सोगा पसरून उभा राही आणि मिळेल तेवढं धान्य घेऊन जाई. कवडू ते घ्यायलाही येईनासा झाला. गाव त्याच्याशी बोलत नव्हतं. तोही गावाशी बोलत नव्हता, पण गावाला दिसेल असा रोज दाढी करून फिरत होता.

मी गेलो तेव्हा अंगणात बसून तो बुटांना एरंडीचं तेल लावत होता. यवतमाळच्या बाजारातून घेतलेले जुने फौजी बूट. त्यांच्यावर त्याचा फार जीव.

"दादानं बोलावलं," मी म्हणालो.

"कोनाले? कवड्याले का कवडूभाऊले?"

मी जरा थांबून म्हणालो, "कवडूले."

"अर्ध्यावर आले. चाला." आणि हसत उठला. घरातून त्याची बायको गिरजा ओरडली, "पुरं भाऊ म्हनेपर्यंत थांबा लागत होतं!" तो म्हणाला, "तवरीक मशीन गंजून जाईन वं."

मला तो बापू म्हणे, बाकी सगळ्यांना भाऊ. दीक्षेनंतर 'मालक' हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नाही. दादालाही दादाभाऊ. पहिल्यांदा तसं म्हटलं तेव्हा दादाच्या कपाळावरची शीर उडाली होती. पण हत्तीण उभी होती, ज्वारीच्या गंजी उभ्या होत्या, आणि दादाने ती हाक गिळली.

आता बुटांची गोष्ट. खळ्यावर कोणी पायताण घालून जात नाही. दाण्याच्या ठिकाणी लक्ष्मी असते. कवडू बूट घालूनच खळ्यात शिरला, वहाणांनी दाणे तुडवले, असं आजही गावात सांगतात. मी तिथे होतो. खळ्याच्या कडेला, जिथे त्याचा बाप उभा राहायचा अगदी तिथे, तो खाली बसला. नाड्या सोडल्या. दोन्ही बूट एकमेकांना बांधले, माळेसारखे गळ्यात अडकवले आणि अनवाणी आत आला. दादा म्हणाला, "आता तुम्ही लक्ष्मी मानत नाही म्हन्ते लोक. मंग काहून काढले?"

"लक्ष्मीचं तुमी पाहून घ्या, दादाभाऊ. दान्यावर पाय देऊ नये एवढं मले समजते. इथं माहा बाप उभा राहे, त्याचं पोट या दान्यायवर होतं."

हत्तिणीच्या अंगावर एक हातोडीच्या आकाराची मूठ होती. तिच्यावर त्याने बूट टांगले. पुढे हंगामभर ते तिथेच लोंबत असत. बूट लोंबताहेत म्हणजे कवडू पोटात आहे, हे लांबून कळे.

पहिले काही दिवस त्याने एकही नट सैल केला नाही. नुसता आत जाऊन पडायचा. दादा अस्वस्थ. "झोपते का काय तो?" मला आत वाकून पाहायला सांगितलं. कवडू जाळीवर पाठ टेकून ढोलाकडे पाहत होता. जाळीच्या भोकांतून उन्हाचे कवडसे येऊन त्याच्या तोंडावर, छातीवर पडले होते.

"काय करून राह्यला?"

"दाना होऊन पाहून राह्यलो." मग हळूच म्हणाला, "बापू, कनसात दाना झोपेत असते. लेकरू कडेवर झोपलं तं बाजेवर कसं ठेवता तुमी? जागं न होऊ देता. तसं काढा लागते त्याले. ही बाई त्याले थापडा मारून उठवते."

हे वाक्य तो पुढे अनेकदा बोलला. मला वाटतं त्याच्या सगळ्या कारागिरीचं मूळ तिथे होतं. जिनात त्याने पाहिलं होतं की रुळाला चामडं गुंडाळलेलं असतं, म्हणून सरकीला धक्का न लागता कापूस सुटतो. तेच त्याने हत्तिणीला करायचं ठरवलं. ढोलावरच्या लोखंडी पट्ट्या त्याने कानशीने घासून त्यांच्या कडा मोडल्या आणि वर चामडं चढवलं. जाळी खाली सरकवून ढोल आणि जाळी यांच्यातलं अंतर वाढवलं. किती, ते एक कणीस आडवं धरून ठरवलं. चामडं आमच्याच विहिरीवरच्या फाटक्या मोटेचं. ते कापायला बसला तेव्हा बघ्यांना विषय मिळाला.

"काय कवडू, ढोरं ओढनं सोडलं म्हने अन् चामडं तं हातात हायेच!"

कवडूने दाताने दोरा तोडला. "तवा तुमी सांगत होते म्हून ओढत होतो. हे मी ठरोलं म्हून शिवून राह्यलो. एवढं समजलं तं उद्या ये, नाई समजलं तं परवा ये."

त्यानंतर ज्वारी अशी पडू लागली की दादाने पहिली ओंजळ कपाळाला लावली. चामडं लावलेल्या ढोलाचा आवाजही निराळा. आधी खडखडाट होता, आता दूरवर कोणी रजया झटकाव्यात तसा मऊ धपधप नाद. बैल दचकेनासे झाले. पोरं खळ्यावर झोपू लागली.

दाणा वरून अखंड दिसला तरी कवडूचा विश्वास नसे. तो एका वाटीत कपड्यांची नीळ कालवी, त्यात मूठभर दाणे टाकी आणि विडी ओढून होईपर्यंत थांबे. मग दाणे धुऊन तळहातावर पसरी. ज्या दाण्याला नजरेला न दिसणारी चीर गेली असेल, तिच्यात नीळ शिरलेली असे; केसाएवढी निळी रेघ. "हा जागा झाला," असं म्हणून तो दाणा बाजूला काढी. गिरजा डबा घेऊन येई तेव्हा भांडे, "घरची सारी नीळ जवारीले पाजता, मंग सदरा कायनं पांढरा करू?" तो म्हणे, "जवारी पांढरी राहू दे. सदऱ्याले कोन पेरते?"

मला हे सगळं त्याने शिकवलं. इंजिन मी चालवत असे. पोट त्याचं, काळीज माझं, असं तो म्हणे. ढोलाच्या दांड्यावर दोन चाकं आलटून पालटून बसत. मोठं बसवलं की ढोल सावकाश फिरे, लहान बसवलं की भिरभिरे. खाण्याच्या ज्वारीला लहान चालून जाई. मोठं क्वचितच लागे.

तीन-चार हंगाम असे गेले. मग एका वर्षी नदीकाठच्या वावरात ज्वारी अशी आली की लोक मुद्दाम पाहायला येत. भरगच्च, मोत्यासारखी. गावाने ठरवलं, पुढच्या पेरणीचं बियाणं सगळ्यांनी यातूनच न्यायचं. बियाण्याची कणसं आमच्याकडे बैलांच्या पायाखाली कधी घालत नसत, यंत्रात तर नाहीच. बायका निवडून, मोगरीने हलक्या हाताने बडवून काढत. पण त्या वर्षी कापूसही मायंदाळ फुटला होता आणि एकूण एक बाई वेचणीला गेलेली. बियाणं पडून राहिलं.

कवडू म्हणाला, "हत्तिणीले द्या."

दादा म्हणाला, "अन् फुटलं तं?"

"फुटलं तं मिशी काढतो."

"मंग काय आम्ही तुही मिशी पेरू का बे?"

सगळं खळं हसलं. कवडूही हसला. पण मला त्याच्या डोळ्यांत दिसलं की हे त्याला हवं होतं. ज्या खळ्याच्या कडेला त्याच्या बापाने हात पसरला, त्या खळ्यातून सगळ्या गावाचं बियाणं त्याच्या हातून जावं. दादाने बराच वेळ मिशी चावली आणि हो म्हणाला.

कवडूने नवं चामडं चढवलं, मोठं चाक बसवलं. हत्तीण इतकी सावकाश चालू लागली की मधेच तिला डुलकी लागते की काय असं वाटे. निळीच्या वाटीत एक दाणा निळा होत नव्हता. निम्मी गंजी निघाली असेल तेव्हा दांड्याचं बेरिंग कुरकुरायला लागलं. दुसरं आणायला तो यवतमाळला निघाला. गळ्यातले बूट पायात चढवता चढवता मला म्हणाला, "बेरिंग एवढ्यात मरत नाई. चालू द्या. पन तिले घाई करू नोका, बापू."

त्या दुपारी खळ्यावर दादाचे पाहुणे आले होते. काम मुंगीच्या पावलाने चाललेलं. एक पाहुणा हसून म्हणाला, "कवडू नसला तं तुमचं पान हालत नाई वाटते." बोलणं मला उद्देशून होतं. बाकी काही नव्हतं, एवढंच. मी उठलो, मोठं चाक उतरवलं, लहान चढवलं. ढोल भिरभिरू लागला. दाण्यांची धार पडली, पाऊस पडावा तशी. पाहुणे उभे राहून पाहू लागले. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माहा भाऊ एकटाच चालवते, पाहा." उन्हं उतरायच्या आत गंजी संपली. सगळे गेल्यावर मी मोठं चाक परत जागेवर बसवलं. निघालेले दाणे पहिल्या राशीत मिसळले गेले होते. दिसायला सगळे सारखेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडू आला. गंजी दिसेना म्हणून चकित झाला. राशीतून मूठ घेतली, वाटीत टाकली, विडी पेटवली. मी इंजिनापाशी उगाच फडकं फिरवत होतो. विडी संपली. त्याने तळहातावर दाणे पसरले आणि तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवला. निळं निळं झालं होतं. मग तो ढोलाच्या चाकापाशी गेला, नटावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे आला.

"बापू, चाक बदललं होतं का?"

"नाई."

"नक्की?"

"म्हटलं ना नाई."

त्याने मान हलवली. मला वाटलं, संपलं. बियाणं पोत्यांत भरून ज्याच्या त्याच्या घरी जाईल, पुढचं पुढे. उगवलं नाही तर पावसाला दोष देता येतो, किड्याला देता येतो. कवडूलाही हे कळत होतंच. गप्प राहिला असता तर त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणी नव्हतं.

तो सरळ दादाकडे गेला. गावातले बरेच जण बियाणं न्यायला जमले होते. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादाभाऊ, हे पेरू नोका. खायले वापरा. उगवनार नाई."

"काहून?"

"दाना दुखावला."

"कोनं दुखवला? तूच म्हने ना मशीनीत टाका म्हून?"

कवडूने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाना मागताना हात पुढे करून थांबायचा, तसं थांबून पाहिलं. दादाही माझ्याकडे पाहत होता. मी जमिनीकडे पाहिलं. खळं नुकतंच सारवलेलं होतं, त्यावर बोटांच्या अर्धगोल खुणा होत्या. त्या मला अजून दिसतात.

"मशीन माह्या हाती होती," कवडू म्हणाला. "बिघडलं."

मग जे तोंडाला येईल ते लोक बोलले. एकजण म्हणाला, हा खळ्यात शिरला तेव्हाच लक्ष्मी उठून गेली. दुसरा म्हणाला, बूट घालून शिरला. तिसऱ्याने ते पाहिलं असल्याचं सांगितलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं, त्याच्या दाढीचं, त्याच्या भाऊ म्हणण्याचं, न ओढलेल्या ढोरांचं, सगळं त्या पोत्यांभोवती बाहेर आलं. कवडूने हत्तिणीच्या मुठीवरचे बूट काढले, गळ्यात घातले आणि खळ्याच्या कडेपर्यंत अनवाणी गेला. तिथे बसून शांतपणे नाड्या बांधल्या. तो गेल्यावर दादाने खळ्यावर गोमूत्र शिंपडायला लावलं. बादली माझ्या हातात होती.

दादाने परीक्षा म्हणून एका परातीत माती घालून मूठभर बियाणं टाकलं. तुरळक कोंब वर आले, बाकी माती तशीच राहिली. मग नातेवाइकांकडून, शेजारच्या गावांतून बियाणं गोळा केलं आणि पेरणी झाली. पीकही आलं. पेरू नका असं कवडूनेच सांगितलं होतं, म्हणून त्या वर्षी गावाची वावरं पडीक राहिली नाहीत. हे मात्र कोणी बोललं नाही. गावात राहिली ती बाटलेल्या लक्ष्मीची आणि बुटांची गोष्ट. आजची मुलंही ती सांगतात. चाक मी बदललं होतं. त्याच्या चामड्यात, त्याच्या जाळीत, त्याच्या हातात काही खोट नव्हती.

पेरणीच्या आधीच कवडू आणि गिरजा महागावला राहायला गेले. हत्तिणीच्या पोटातलं चामडं उंदरांनी खाल्लं. पुढे तिच्यावर वेल चढले आणि तोंडाशी बाभळी उगवल्या.

बऱ्याच वर्षांनी, तोवर मळणीची नवी लहान यंत्रं आपल्याकडे दिसू लागली होती, महागावच्या बाजाराहून परतताना वाटेत एका खळ्यावर यंत्र बंद पडलेलं दिसलं. आजूबाजूला कोणी नव्हतं; माणसं दूर झाडाखाली जेवायला बसली होती. मी पुढे जाणार, तेवढ्यात यंत्राच्या दांडीवर नाड्यांनी बांधलेले बूट लोंबताना दिसले. खालून दोन पाय बाहेर आलेले. डाव्या पायाचा अंगठा हलत होता. आतून तोच हुंकार.

मी वहाणा काढल्या आणि जवळ जाऊन उभा राहिलो. हिवाळ्याचं ऊन होतं, भुशाचा वास होता. समोर चेहरा नव्हता म्हणूनच असेल, मी त्या पायांना म्हणालो, "कवडूभाऊ, चाक मी बदललं होतं."

हुंकार थांबला. अंगठाही थांबला.

"कोन, बापू का?" आतून आवाज आला. "माहीत हाये मले. नटाखालचा वायसर उलटा बसोला होता तुमी. मी शिकवलेल्या मानसानं असा वायसर बसवावा, त्याचं वाईट वाटलं होतं."

मी अंगठ्याने पायाखालची माती उकरत राहिलो.

"पन मले कायले सांगता? मले तं माहीतच हाये. ज्याईले माहीत नाई, त्याईले सांगा ना."

मग पत्र्याआडून काळा हात बाहेर आला, तळवा वर करून. "पाना द्या. पायाजवळचा."

मी पाना दिला. हात आत गेला. मी कडेला येऊन वहाणा घातल्या आणि वाटेला लागलो. गावी जाऊन दादाला, लोकांना सांगायचं, असं चालता चालता ठरवत होतो. पहिला ओढा येईपर्यंत ते अगदी नक्की होतं. पुढे दादा गेला. ज्यांना माहीत नव्हतं ते एकेक करून गेले. कवडूही महागावला वारल्याचं कानावर आलं, आणि मी मयतीलाही गेलो नाही. आता त्या सगळ्यांच्या नातवंडांना सांगतो आहे.

त्या दिवशी ओढ्याशी पोचलो तेव्हा मागे यंत्र सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी वळून पाहिलं. खळ्यावर भुशाचा ढग उठला होता आणि उन्हात तो जागच्या जागी तरंगत होता. त्यात एक माणूस उभा होता, गळ्यात बूट घातलेला, वाटीत वाकून पाहणारा. चेहरा दिसला नाही. यंत्राचा आवाज मात्र स्पष्ट येत होता, मऊ, सावकाश, रजया झटकाव्यात तसा. त्याने मोठं चाक लावलं होतं.